टॉगल ट्रॅक: आठ महिने वापरलं आणि देवघराचे ११ तास २० मिनिटं सापडले

आधीच सांगून टाकते, मी टेक रिव्ह्यू वगैरे लिहिणारी बाई नाही. पुण्यात इंटिरिअरची कामं करते, बारा वर्षं झाली, पहिली पाच एका आर्किटेक्टकडे नोकरी आणि मग स्वतःचं. स्वतःचं म्हणजे काय तर मी, एक ज्युनिअर मुलगी, दोन लॅपटॉप आणि घरातली तिसरी खोली, जिला आम्ही दोघी स्टुडिओ म्हणतो आणि सासूबाई पसाऱ्याची खोली म्हणतात. टॉगल ट्रॅक हे तास मोजायचं ॲप आठ महिने रोज वापरतेय, फुकटवालं, आणि आमच्या लाइनमधल्या दोघीतिघींनी विचारलं की बाई हे नक्की कशाला, आपण कुठे तासावर पैसे घेतो, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते.

तर तोच मुद्दा आधी. आपल्याकडे तासावर कोणी पैसे देत नाही हे खरंच आहे. फी ठरते स्क्वेअर फुटावर, नाहीतर कामाच्या एकूण खर्चाच्या टक्क्यावर, आणि टर्नकी, म्हणजे सामान-मजुरीसकट अख्खं काम, घेतलं तर फी दिसतच नाही, ती प्लायच्या नि मजुरीच्या रेटमध्ये कुठेतरी मुरलेली असते. क्लायंटला "मॅडम, फुटाला किती?" एवढंच कळतं, आणि खरं सांगायचं तर मलाही एवढंच कळत होतं. फुटाचा रेट कसा काढायचे? ओळखीतली कोणी किती घेते ते कानावर यायचं, त्यातून दहा रुपये कमी करायचे, झालं कोटेशन तयार.

मागच्या दिवाळीत नवरा सहज बोलून गेला, "तुला तासाला पडतात किती गं?" तो आयटीत, त्यांच्याकडे दर शुक्रवारी टाइमशीट, नाही भरली तर मेल येतो. मी म्हटलं आमचं असं नसतं, आमचं क्रिएटिव्ह काम आहे. तो म्हणाला बरं. ते "बरं" मला असं काही लागलं ना की रात्री साडेबाराला अंथरुणात पडून फोनवर ॲप शोधत होते.

पहिलं जे घेतलं त्याचं नाव घेत नाही. त्यात कोटेशन, बिल, तास, खर्च सगळं एकत्र होतं, दिसायलाही भारी, पण टायमर सुरू करायला चार स्क्रीन पार करायच्या, आणि सोळाव्या दिवशी मी फोन बदलला तर आधीचं सगळं गायब. मेल टाकला होता, उत्तर आलं नाही. मग महिनाभर डायरीत लिहिलं, पण डायरी मी रात्री झोपताना आठवून भरायचे, आणि आठवून लिहिलेले तास म्हणजे उपासाच्या दिवशी काय काय खाल्लं ते आठवून सांगण्यासारखं, निम्मं कधी निसटतं कळतच नाही.

मग टॉगल. कंपनी इस्टोनियाची आहे, २००६ पासून चालू, आधी नुसतं टॉगल नाव होतं, २०२० मध्ये टॉगल ट्रॅक केलं. काम एकच, काय करताय ते लिहा, बटण दाबा, संपलं की परत दाबा. फोनवर सुरू केलेला टायमर लॅपटॉपवर दिसतो आणि उलटही, म्हणजे साईटवरून निघताना फोनवर दाबला आणि घरी येऊन लॅपटॉपवर बंद केला असं चालतं. ब्राउझरमध्ये पण बसतं. क्लायंट टाका, त्याखाली प्रोजेक्ट टाका, प्रोजेक्टला रंग द्या, वर टॅग लावा. बटणं इंग्रजीत, पण आपण लिहितो ते मराठीत लिहिलं तरी त्याला काही फरक पडत नाही, माझ्या नोंदी "जोशी – वॉर्डरोब आतलं" "जोशी – परत तेच" अशाच आहेत, रिपोर्टमध्ये पण तशाच येतात. (जोशी हे काल्पनिक नाव, कोणी अंगावर घेऊ नका.)

सगळ्यात उपयोगी काय वाटलं तर नोंद मागून दुरुस्त करता येते. कारण विसरणं हे होणारच, ते ॲपच्या हातात नाही, ते माझ्या डोक्यात आहे. पहिल्याच आठवड्यात भवानी पेठेत टिंबर मार्केटला गेले होते, प्लायवाल्याच्या दारात सव्वाअकराला टायमर लावला, किचनला ७१० मार्कचंच (पाण्याला टिकणारं) हवं, तो म्हणे ३०३ वालं (साधं) पण चालतंय की मॅडम पाणी कुठे लागतंय तिथे, त्या वादावादीत फोन पर्समध्ये गेला तो गेलाच, तिथून साईट, तिथून घर, स्वयंपाक, झोप, आणि दुसऱ्या दिवशी दहाला फोन उघडला तर "प्लाय – २२:४७:१३" आणि घड्याळ आपलं चालूच. म्हणजे ॲपच्या हिशोबाने मी एक अख्खी रात्र प्लायच्या दुकानात काढलेली. ज्युनिअर पोट धरून हसली. नोंदीवर टिचकी मारली, संपल्याची वेळ दुपारचे पाऊण टाकली, झालं. पण असं रोज होत असेल तर मग परत आठवून लिहिण्यावरच आलं की, म्हणून मी सवय अशी लावली की चप्पल घालताना आणि चप्पल काढताना फोन बघायचाच. हसू नका, चप्पलच उपयोगी पडली, नोटिफिकेशन नाही.

दुसरी चूक टॅगची. पहिल्या दिवशी उत्साहात २३ टॅग केले. मूडबोर्ड वेगळा, लाइटिंग लेआउट वेगळा, हार्डवेअर सिलेक्शन वेगळं, फोन वेगळा, व्हॉट्सॲप वेगळं. दहा दिवसात वेड लागायची पाळी, टॅग शोधण्यातच वेळ जायला लागला. आता सातच आहेत: टू-डी, थ्री-डी, बदल, साईट, मार्केट, फोन, हिशोब. पुरतात. बाकीचं नोंदीच्या नावात लिहायचं.

लॅपटॉपवरच्या ॲपमध्ये टाइमलाइन म्हणून एक प्रकार आहे, चालू करून ठेवला की कोणतं सॉफ्टवेअर किती वेळ उघडं होतं ते बाजूला दिसत राहतं आणि ते फक्त आपल्यालाच दिसतं. दुपारी दोनला ऑटोकॅड, सव्वातीनला स्केचअप, मग पाऊण तास पिंटरेस्ट (इथे मी डोळे मिटून घेते). विसरलेलं भरायला हे फार बरं. आणि तुम्ही उठून गेलात, की-बोर्ड माऊस काही हललं नाही तर ते विचारतं, हा मधला वेळ ठेवू का टाकून देऊ. आता इथे आमच्या धंद्यातला एक घोळ आहे. रेंडर लावलंय, म्हणजे थ्री-डीचं फोटोसारखं चित्र लॅपटॉप तयार करतोय, चाळीस मिनिटं लॅपटॉपचा पंखा विमानासारखा वाजतोय, मी तिकडे कांदे चिरतेय. हे काम का नाही? ज्युनिअर म्हणते काम, कारण लॅपटॉप अडकलेला आहे. मी म्हणते नाही, कारण मी अडकलेली नाही. शेवटी आम्ही नाहीच धरत, पण हा वाद अजून मिटलेला नाही.

असो, तर खरी गोष्ट पुढे आहे, ॲप हे निमित्त. एका टू बीएचकेचं काम टॉगलवर पहिल्यापासून शेवटपर्यंत मोजलं. कार्पेट ७८० स्क्वेअर फूट, फी फुटाला १२० म्हणजे ९३,६०० रुपये. माझा मनातला अंदाज होता की १२० तासाचं काम आहे, म्हणजे तासाला पण ७८० च पडतात, आकडा जुळला म्हणून शुभशकुनच वाटला होता मला. प्रत्यक्षात काम संपलं, चावी दिली, टॉगलचा रिपोर्ट काढला, २१४ तास. भागून बघा, ४३७ रुपये तास. त्यातून ज्युनिअरचा पगार, पेट्रोल, सॉफ्टवेअरचे पैसे जायचेत अजून. मी तो आकडा नवऱ्याला बरेच दिवस सांगितलाच नाही.

गेले कुठे तास? टू-डी ३१, थ्री-डी नि रेंडर ३८, म्हणजे ज्याला आपण डिझाइन म्हणतो, ज्यासाठी कॉलेजात गेलो, त्याचे झाले ६९. तिसरा हिस्सा पण नाही पुरता. बदल ४२. साईट ३९, त्यातले १७ नुसते रस्त्यावर, सिंहगड रोड ते वाकड आणि परत, ज्यांना माहितीये त्यांना माहितीये. मार्केटात क्लायंटबरोबर २४, त्यात एकट्या टाइल्सच्या दुकानात दोन दिवस. फोन नि व्हॉट्सॲप २८. हिशोब, म्हणजे बीओक्यू (कुठलं सामान किती लागेल त्याची यादी), सुताराची नि पीओपीवाल्याची बिलं तपासणं, १२.

हा फोनचा २८ आकडा बघून मी उडालेच. पाच-पाच मिनिटांचे फोन असतात हो, "मॅडम, हँडल मॅट का ग्लॉसी", "मॅडम, सासरे विचारतात गीझरचा पॉइंट कुठे येतो", रात्री पावणेअकराला कुणाच्या तरी फ्लॅटमधल्या शूरॅकचा फोटो आणि खाली "असं होईल का?" एकेका फोनला टायमर लावणं मला जमत नाही, कोणालाच जमणार नाही, म्हणून रोज संध्याकाळी कॉल लिस्ट बघून एकच नोंद हाताने टाकते, ३० मिनिटं, ४५ मिनिटं, जे असेल ते. तरी २८.

आणि बदल. त्या ४२ तासात नोंदीच्या नावांवरून शोधलं तर देवघराला ११ तास २० मिनिटं गेलेली. अडीच फूट रुंदीचं देवघर. आधी पूर्वेला तोंड, मग गुरुजींना विचारून पश्चिमेला भिंत, मग सीएनसी (मशीनने कापलेली) जाळी, जाळीत ओम, ओम नको गणपती, गणपतीला मागून लाइट, मग मुलाला वाटलं लाइट म्हणजे मॉलसारखं होतंय, मग संगमरवर, मग उदबत्तीची राख खाली सांडते म्हणून सरकता ट्रे, मग आजी म्हणाल्या घंटा वर लावली तर माझा हात पुरत नाही आणि खाली लावली तर उठताना डोक्याला लागते, आणि हे त्यांचं अगदी खरं होतं, मी स्वतः उकिडवी बसून उठून बघितलं. नऊ वेळा ड्रॉइंग बदललं. शेवटी काय झालं तर त्यांच्या गावच्या घरी माळ्यावर एक जुना सागवानी देव्हारा होता तो काकांनी टेम्पोतून आणला, पॉलिश केला, मी फक्त खाली एक ड्रॉवर दिला. सुंदर दिसतो, त्या घरातली सगळ्यात छान वस्तू तीच आहे. माझ्या डिझाइनचे त्यात चार इंच. ४३७ च्या रेटने माझे जवळजवळ पाच हजार रुपये त्या देवापुढे आहेत.

आता असं नका समजू की मी चिडून लिहितेय. आजींचा राग नाही मला. राग स्वतःचा, की इतकी वर्षं अशी किती देवघरं झाली असतील आणि मला वाटायचं आपण स्लो आहोत.

ज्युनिअरला हे वापरायला सांगितलं तेव्हा तिचं तोंडच उतरलं. आधीच्या ऑफिसात तिच्या लॅपटॉपवर असं काहीतरी टाकलेलं होतं जे दर थोड्या वेळाने स्क्रीनचे फोटो काढून साहेबांना पाठवायचं, बाथरूमला गेली तरी लाल दिसायचं. तर तसं यात नाही. टॉगल स्क्रीनशॉट काढत नाही, टाइमलाइन मला तिची दिसत नाही, ती जे स्वतः नोंदवेल तेवढंच मला दिसतं. मी तिला माझेच तास आधी दाखवले, पिंटरेस्टसकट. मग सुरू केलं तिने. आणि खरं तर तिच्याच फायद्याचं निघालं, कारण थ्री-डी ती करते आणि मी तिला "एक व्ह्यू तर आहे, तासाभरात दे" असं बिनदिक्कत सांगायचे, टॉगलवर कळलं एक व्ह्यू म्हणजे मटेरियल लावून लाइट बसवून चार-साडेचार तास. आता तसं म्हणत नाही.

पण आमच्याकडे टाइमशीट पहिल्यापासून होती बरं का, फक्त ती सुताराच्या खिशात होती. आमचा सुतार जोधपूरकडचा, वीस वर्षं पुण्यात, त्याच्याकडे लाल कव्हरची छोटी हजेरीची डायरी असते, प्लायच्या भुशाने पानं पिवळी पडलेली. एकेका माणसाची एक ओळ. पूर्ण दिवस भरला की पी, अर्धा दिवस आडवी रेघ, रात्री थांबवलं तर गोल. मी त्या डायरीकडे कधी लक्षच दिलं नव्हतं. मागच्या बिलाला तो दोन अर्धे दिवस जास्त लावून आला, मी म्हटलं हे कसले, तर त्याने डायरी उघडून बोट ठेवलं. "मॅडम, उस दिन आपका लॉफ्ट का ड्रॉइंग नहीं आया था, दो आदमी दोपहर तक खाली बैठा।" तारीख बघितली, टॉगल उघडलं, त्याच दिवशी सकाळी दहा ते तीन मी क्लायंटबरोबर टाइल्सच्या दुकानात. पाच तास, हिरव्या रंगात. त्याची आडवी रेघ आणि माझी हिरवी पट्टी अगदी एकाखाली एक. काय बोलणार, दिले पैसे. क्लायंटला त्या दिवशी तिसऱ्यांदा तीच बेज टाइल आवडली होती.

परदेशात मात्र हे सगळं उघड चालतं. माझी नणंद न्यू जर्सीला असते, तिने बेसमेंट करून घेतलं तर डिझायनर तासावर, १५० डॉलर तास, करारातच लिहिलेलं. बिल आलं त्यात एक ओळ, "फोन, ०.२", म्हणजे बारा मिनिटं, ३० डॉलर. नणंद मला म्हणाली मी तिला फक्त पडद्याचं विचारलं होतं गं. पण भरले तिने, कुरकुरत का होईना. ही तासाचे दहा तुकडे करून सहा-सहा मिनिटं मोजायची पद्धत मुळात तिकडच्या वकिलांची. बॉस्टनचा रेजिनाल्ड हेबर स्मिथ म्हणून एक वकील होता, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याने ऑफिसात हे सुरू केलं असं मानतात. आणि गंमत म्हणजे त्याने ते गरिबांना मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या संस्थेत काम करताना, आपला वेळ कुठे जातोय ते बघायला केलं, बिल फाडायला नाही. म्हणजे मी करतेय तेच की.

कारण मी पण बिल तासावर करत नाही अजून. कोटेशन फुटावरच देते, फक्त त्याखाली आता चार ओळी वाढल्यात. दोन वेळा बदल फीमध्ये, साईट व्हिजिट बारा, मार्केटला माझ्याबरोबर दोन वेळा, आणि ड्रॉइंगवर सही झाल्यावर पुढचा जो काही बदल असेल तो तासाला १,२०० रुपये, तासांचा कागद बिलाबरोबर मिळेल. आणि फुटाचा रेट १२० चा १६५ केला. दोन क्लायंट त्याच्यावर गेले, एकाने तर तोंडावर विचारलं, "मॅडम, तासाचे कसले पैसे, तुम्ही काय वकील आहात का?" मी म्हटलं नाही हो, पण तुमच्या घरातले वाद मीच मिटवते ना. गेले ते. जाऊ देत. जे राहिले त्यांच्याकडे मजा अशी झाली की बदल आपोआप कमी झाले. कोणी १,२०० द्यायला तयार नव्हतं असं नाही, पण आधी घरात बोलून घ्यायला लागले लोक. पूर्वी नवरा-बायकोचं जे भांडण माझ्यासमोर ड्रॉइंगवर व्हायचं ते आता त्यांच्या त्यांच्या डायनिंग टेबलवर होतं.

पैशाचं बोलते. फुकट प्लॅनमध्ये पाच माणसांपर्यंत चालतं, आम्ही दोघीच, त्यामुळे प्रश्नच नाही. पण नोंदीला रेट लावणं, म्हणजे हा प्रोजेक्ट १,२०० ने आणि आपोआप रुपये काढ, हे फुकटात नाही, वेळ पंधरा मिनिटात गोल करणं पण नाही, त्याला पैसे भरायचे आणि ते माणशी महिन्याला डॉलरमध्ये, मी बघितलं तेव्हा नऊ-दहा डॉलर होते. दोघींचे धरले तर वर्षाला बरेच होतात, तेवढ्यात एका किचनच्या ट्रॉल्या येतात. ज्यांच्याकडे चार-पाच जणांचं ऑफिस आहे, दर महिन्याला तासावर बिल जातं, त्यांनी घ्यावं, माझ्यासारख्यांनी उगाच घेऊ नये. महिनाअखेर फाइल डाउनलोड करा आणि एक्सेलमध्ये गुणा. फक्त गुणताना माझ्यासारखं करू नका. मी ६:४५ ला १,२०० ने गुणलं तर उत्तर आलं ३३७ रुपये ५० पैसे. आधी वाटलं चला, आपली लायकी हीच. मग नवरा म्हणाला अगं एक्सेल वेळ दिवसात मोजतं, आधी २४ ने गुण मग रेटने. गुणलं, ८,१०० आले. (त्याला तो ४३७ वाला आकडा पण त्याच दिवशी सांगितला. परत "बरं" म्हणाला.)

ते ८,१०० कोणाचे ते सांगते. एक काका आहेत, बँकेतून रिटायर, थ्री बीएचके, स्वभावाने लाख माणूस पण कागद दिसला की वाचल्याशिवाय सोडणार नाहीत. सही झाल्यावर त्यांनी मुलीच्या खोलीतला बेड फिरवला, त्यामुळे वॉर्डरोब फिरला, त्यामुळे एसीचा पॉइंट फिरला. पावणेसात तास. मी घाबरत घाबरत बिल पाठवलं, बरोबर टॉगलचा पीडीएफ, प्रत्येक नोंद तारीख-वेळेसकट. दुसऱ्या दिवशी बोलावलं. गेले तर टेबलावर पीडीएफची प्रिंट, पट्टी, शिसपेन्सिल, आणि जवळजवळ प्रत्येक ओळीपुढे बारीक टिक. एका ओळीपुढे गोल. "इथे बघा, रविवारी सव्वाअकराला तुम्ही लॅमिनेटच्या दुकानात आहात, आणि त्याच वेळेला माझ्याशी पंचवीस मिनिटं फोनवर पण आहात. मग एक काहीतरी धरा." मी बघितलं, बरोबर होतं त्यांचं. फोनची नोंद मी संध्याकाळी हाताने टाकलेली, दुकानाचा टायमर चालूच होता, एकावर एक बसली, आणि टॉगल असं एकावर एक बसू देतं, त्यामुळे हाताने टाकाल तेव्हा कॅलेंडर उघडून एकदा नजर टाकत जा. मी म्हटलं सॉरी काका, पाचशे कमी करा. त्यांनी तिथल्या तिथे ७,६०० चा चेक लिहिला, अकाउंट पेयीच्या दोन रेघा मारून, आणि वर चहा. बारा वर्षात बदलाचे पैसे मला कोणी पहिल्यांदा दिले असतील तर त्यांनी.

हल्ली त्यांचा फोन आला की नमस्कार-बिमस्कार नाही, आधी विचारतात, "लावलंत का घड्याळ?" मी हो म्हटलं की मग घसा खाकरतात आणि मुद्द्यांचा कागद वाचायला घेतात, एक, दोन, तीन. परवा बाल्कनीच्या झोपाळ्याचा सगळा विषय नऊ मिनिटात संपला.